चावडी आता मोबाइलवर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त रविवार, दि. २८ सप्टेंबर २०२५ रोजी सोसायटीच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. स्मरणिकेसाठी थोडा आटोपशीर केला आहे.)

मागच्या रांगेत मोबाइल बघत बसलेल्या तरुण मित्रांनो,

मोबाइल खिशात ठेवा असं मी आज सांगणार नाही. उलट तो हातातच असू द्या, कारण आजचं काम त्याच्यावरच आहे. नवरात्र आहे, रात्री खाली गरबा आहे, त्यामुळे मी लांबण लावली तर माझी नातच मला खाली बसवील. काळजी नसावी.

समितीने मला विचारलं, "काका, तुम्ही आठवणी सांगा ना. २००० सालचे टँकर, लिफ्ट नव्हती ते दिवस." त्या आठवणी सांगणारे दहा जण आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगलं सांगतील. मी म्हटलं, तारीख २८ सप्टेंबर आहे. हा माहिती अधिकार दिन. येत्या १२ ऑक्टोबरला आपल्या देशातला माहितीचा अधिकार कायदा अमलात येऊन वीस वर्षं पुरी होतील. म्हणजे आपली सोसायटी पंचवीस वर्षांची आणि हा कायदा वीस वर्षांचा. दोघं साधारण बरोबरीनेच वाढले. तेव्हा आज सरकारजवळची माहिती आपल्यापर्यंत कशी येते आणि आली तरी आपण तिचं काय करतो, यावर बोलू.

पण सुरुवात माझ्या स्वतःच्या एका चुकीपासून करतो. ही गोष्ट आजवर मी घरातसुद्धा पूर्ण सांगितलेली नाही.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाखेत मी नवा नवा ऑफिसर होतो. पावसाळ्याचे दिवस. एक बाई आल्या, नऊवारी लुगडं, डोक्यावर इरलं. मुंबईला गिरणीत असलेला नवरा वारला होता. काउंटरवर हात ठेवून त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्या घरधन्याचं बँकेत काय आहे का, तेवढं बघा." पासबुक नाही, पावती नाही. मी नियमाप्रमाणे सांगितलं की खातेदाराची माहिती अशी देता येत नाही, मृत्यूचा दाखला आणा, वारसाचे कागद आणा, मग बघू. त्या "बरं" म्हणाल्या आणि एसटी स्टँडकडे चालत्या झाल्या. परत आल्या नाहीत.

पुढे मार्चमध्ये व्यवहार नसलेल्या खात्यांची यादी करताना एक नाव माझ्या नजरेस आलं. आडनाव तेच, वाडीचं नाव तेच. त्यांचंच खातं असेल, नसेलही. पत्ता नुसता मुंबईच्या चाळीचा होता. मी यादीवर सही केली आणि पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

मंडळी, मी नियम मोडला नाही. आजही त्या जागी बसलो तर खात्यातली रक्कम मी कुणालाही तोंडी सांगणार नाही. पण दाखला कुठे मिळतो, कोणता फॉर्म लागतो, वारसांच्या सह्या कुठे घ्यायच्या, हे एका कागदावर लिहून द्यायला कोणत्या नियमाची आडकाठी होती? ती माहिती गुप्त नव्हती. ती माझ्या टेबलाच्या खणात होती. मी दिली नाही, कारण तशी रीत नव्हती. माहिती आतल्यांची आणि माणूस काउंटरच्या बाहेरचा, असा तो काळ होता.

ही रीत बदलावी म्हणून या देशात माणसं रस्त्यावर बसली. राजस्थानात १९९० च्या दशकात मजूर किसान शक्ती संघटनेने गावोगाव जनसुनवाया घेतल्या. दुष्काळी कामांवरची हजेरीपत्रकं लोकांपुढे मोठ्याने वाचली जायची आणि कागदावर मजुरी घेतलेला माणूस उभा राहून म्हणायचा, मी तर या कामावर कधी गेलोच नाही. आपल्या महाराष्ट्रात अण्णा हजारे यांचं आंदोलन झालं आणि राज्याचा माहिती अधिकार कायदा २००२ सालापासून लागू झाला, केंद्राच्या कायद्याच्याही आधी. मग २००५ साली देशाचा कायदा आला. दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे.

पण याच कायद्यात कलम ४ आहे आणि तिकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही. ते कलम म्हणतं, सरकारी कार्यालयाने आपली कामं, अधिकार, अंदाजपत्रक, कुणाला काय सवलत दिली, अशा सतरा बाबी स्वतःहून जाहीर कराव्यात. म्हणजे नागरिकाला अर्ज करण्याची वेळच कमीत कमी यावी. विचारल्यावर उत्तर देणं हा झाला अर्धा कायदा. न विचारता फळ्यावर लिहून ठेवणं हा उरलेला अर्धा.

आता हा फळा म्हणजेच आजचं पोर्टल. अमेरिकेने २००९ साली आणि ब्रिटनने २०१० साली सरकारी आकडेवारीची एकत्र संकेतस्थळं उघडली. आपल्या केंद्र सरकारने २०१२ च्या मार्चमध्ये त्यासाठी धोरण जाहीर केलं आणि त्याच वर्षी डेटा डॉट गव्ह डॉट इन हे संकेतस्थळ सुरू झालं. ते राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, म्हणजे आपण ज्याला एनआयसी म्हणतो, ते चालवतं. वेगवेगळी खाती आपापली आकडेवारी तिथे ठेवतात. २०१७ मध्ये त्याचा परवानाही ठरला. त्यानुसार कुणीही ती आकडेवारी उतरवून घ्यावी, वापरावी, त्यातून काही तयार करावं, फक्त कुठून घेतली ते नमूद करावं.

"खुली माहिती" या शब्दाचा नेमका अर्थ मी बँकेच्या भाषेत सांगतो. समजा तुम्ही माझ्याकडे लेजर मागितलं. मी एका पानाची धूसर झेरॉक्स दिली, तर माहिती दिली असं होईल का? होईल, पण तुम्हाला बेरीज करायची तर सगळे आकडे पुन्हा हाताने लिहून काढावे लागतील. आम्ही बॅलन्सिंगला रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत बसायचो, सत्तावीस पैशांचा फरक शोधत, तसंच. याउलट आकडे तक्त्याच्या फाइलमध्ये दिले, तर आपली इंजिनीअर झालेली मुलं दोन मिनिटांत बेरीज करतील, मागच्या वर्षाशी ताडून बघतील, चूक असेल तर बोट ठेवतील. खुली माहिती म्हणजे नुसती दिसणारी माहिती नव्हे. जिची बेरीज आपल्याला करता येते ती खुली माहिती.

याचे आपल्या रोजच्या जगण्यातले तीन नमुने देतो.

पहिला भाजीचा. आशियातल्या मोठ्या बाजारांत गणला जाणारा एपीएमसी बाजार आपल्या वाशी-तुर्भ्यात आहे. देशभरच्या बाजार समित्यांतले शेतमालाचे रोजचे दर केंद्राच्या ॲगमार्कनेटवर येतात आणि तेच डेटा पोर्टलवरही मिळतात. आपल्या पणन मंडळाच्या संकेतस्थळावरही दर मिळतात. तिथे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर दिसतील, तेही क्विंटलचे. समजा कांद्याचा सर्वसाधारण दर दोन हजार दिसला, तर घाऊक बाजारात किलोला वीस रुपये झाले. आता खाली गाडीवाला पस्तीस म्हणाला तर लगेच त्याच्याशी भांडायला जाऊ नका. वाहतूक, हमाली, सडका माल, त्याची दिवसभराची मजुरी त्यात आहे. पण साठ म्हणाला तर विचारायला हरकत नाही. आणि दर पाच-सहा रुपयांवर आला तर तिकडे नाशकात शेतकऱ्याच्या घरी काय चाललं असेल, तेही कळेल. आकडा दोन्ही बाजूंना बघायला शिकवतो.

दुसरा हवेचा. ऐरोली, महापे, नेरूळ, सानपाडा, कळंबोली, तळोजा या भागांत हवा मोजणारी केंद्रं बसवलेली आहेत. त्यांचे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर आणि समीर नावाच्या ॲपवर दिसतात. हा निर्देशांक २०१५ पासून आहे. शून्य ते ५० म्हणजे चांगली हवा, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे गंभीर. माझ्या नातीला दम्याचा त्रास आहे. थंडीत सकाळी सहा वाजता आम्ही दोघं खिडकीतून बघतो, खाडीच्या बाजूला पांढरं दिसतं. ते धुकं की धूर, हे माझ्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून ॲप उघडतो. २०० च्या वर आकडा असला की तिचं मैदानात पळणं बंद आणि माझा मॉर्निंग वॉक उन्हं वर आल्यावर. गेल्या डिसेंबरपासून तीच मला सांगते, "आजोबा, आज पिवळा आहे, जाऊ या." आठ वर्षांच्या मुलीला सरकारी आकडेवारी वाचता येते, मग आपल्याला का येऊ नये?

तिसरा घराचा. आपल्या शेजाऱ्यांच्या मुलाने पनवेलच्या पुढे एक फ्लॅट पसंत केला. माहितीपत्रक गुळगुळीत, पोहण्याचा तलाव, वगैरे वगैरे. ताबा दीड वर्षात, असं विक्रीवाला सांगत होता. मुलगा टोकनचा चेक लिहायच्या आधी सहज मला दाखवायला आला. आम्ही महारेराचं संकेतस्थळ उघडलं. १ मे २०१७ पासून ते चालू आहे आणि नोंदणी झालेल्या प्रत्येक प्रकल्पाचं पान तिथे आहे. मंजुऱ्या, जमिनीवरचा बोजा, कोर्टातले दावे, किती सदनिका विकल्या आणि पूर्ण होण्याची तारीख, सगळं. १ ऑगस्ट २०२३ पासून तर जाहिरातीवर क्यूआर कोड सक्तीचा आहे, तो स्कॅन केला की थेट ते पान उघडतं. त्या प्रकल्पाची तारीख दीड वर्षानंतरची नव्हती, चार वर्षांनंतरची होती, आणि तीही आधी एकदा वाढवून घेतलेली. मुलाने फोन करून विचारलं तर उत्तर आलं, "सर, ते सरकारी कागदावरचं आहे हो." मी त्याला म्हटलं, अरे, बिल्डरने सही करून दिलेली तारीख तेवढीच आहे, बाकी सगळं बोलणं. त्याने दुसरीकडे घर घेतलं. तिथे तलाव नाही, पण मंडळी आता तिथे राहायला गेली आहेत.

आता थोडं कडू बोलतो, कारण नुसती स्तुती केली तर ते सरकारी जाहिरातीसारखं होईल.

एक म्हणजे शिळी माहिती. आपल्या देशाची शेवटची जनगणना २०११ ची. तेव्हा नवी मुंबई महापालिकेची लोकसंख्या ११ लाख २० हजार होती. त्यानंतर आपल्या सेक्टरांतच किती टॉवर उठले ते तुम्ही बघता. पाणी, शाळा, दवाखाने यांचं गणित मांडायला आधार मात्र त्या जुन्या आकड्याचा. पुढची जनगणना आता २०२७ ची जाहीर झाली आहे. दुसरं, पुष्कळ ठिकाणी अजून कागद स्कॅन करून चढवतात, म्हणजे तीच धूसर झेरॉक्स. तिसरं, भाषा. आपल्या घरकाम करणाऱ्या ताईला तिच्या उपयोगाची आकडेवारी इंग्रजीत दिली, तर तिच्यासाठी ती कुलपातच राहिली.

आणि चौथं, कुठे उघडावं आणि कुठे झाकावं, यातला विवेक. कारभार उघडा हवा, माणूस झाकलेला हवा. रस्त्याचं कंत्राट कितीचं, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. माझा आजार, माझी शिल्लक, माझा मोबाइल नंबर कुणाला दिसता कामा नये. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यात माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ मध्ये बदल करणारी तरतूद आहे. वैयक्तिक माहितीच्या नावाखाली कारभाराची माहितीही झाकली जाईल का, यावर वाद चालू आहे. दोन्ही बाजू वाचा आणि आपलं मत बनवा. मी बँकेतला माणूस, गोपनीयतेवर पोट भरलेला. तरीही मला वाटतं, शंका आली तर पैसा कुणाचा आहे ते बघावं. पैसा जनतेचा असेल तर हिशेब जनतेला दिसलाच पाहिजे.

आपल्या शहराला हे जास्त लागू आहे. २०२० पासून पुढे काही वर्षं आपल्या महापालिकेत निवडून आलेले नगरसेवक नव्हते, प्रशासक कारभार बघत होते. पूर्वी गटार तुंबलं की आपण नगरसेवकाच्या ऑफिसात जाऊन बसायचो. विचारायला माणूस नसला, तर निदान आकडे तरी विचारू या. अंदाजपत्रक संकेतस्थळावर असतं. आपल्यापैकी किती जणांनी ते उघडलं आहे? हात वर करा. (तीन हात वर झाले. त्यातला एक माझा होता.)

पूर्वी गावात चावडी असायची. दवंडी पिटली की लोक जमायचे. काही वर्षांपूर्वी सातबाऱ्याचं संगणकीकरण करताना महसूल खात्याने गावोगाव चावडीवाचन घेतलं. संगणकावर चढलेला उतारा लोकांपुढे वाचायचा आणि ज्याचं नाव चुकलं, क्षेत्र चुकलं, त्याने तिथेच सांगायचं. मला ही कल्पना फार आवडते. माहिती नुसती जाहीर केल्याने खरी होत नाही. जिच्याशी ज्याचा संबंध आहे त्याने ती वाचली की ती खरी होते. आज तो सातबारा मोबाइलवर फुकट बघता येतो आणि डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपयांत मिळतो. चावडी घरात आली. पण वाचायला माणूस बसला नाही, तर ती ओसाडच.

आता पुन्हा त्या बाईंकडे येतो.

दहा वर्षं कुणी न मागितलेल्या ठेवी बँकांना रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत भराव्या लागतात. पैसे बुडत नाहीत, वारसाने मागितले तर बँक परत देते. पण कोणत्या बँकेत आहेत हेच ठाऊक नसेल तर मागणार कुठे? म्हणून १७ ऑगस्ट २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने उद्गम नावाचं पोर्टल सुरू केलं. आपला मोबाइल नंबर नोंदवायचा, खातेदाराचं नाव टाकायचं, सोबत पॅन, मतदार ओळखपत्र किंवा जन्मतारीख यांसारखी एखादी खूण द्यायची. अनेक बँकांचा शोध एका जागी होतो. रक्कम दिसत नाही, खातं आहे एवढं कळतं. पुढचं काम त्या बँकेत जाऊन करायचं. उघडं काय आणि झाकलेलं काय, याचा मला पटलेला हा उत्तम नमुना.

ते सुरू झाल्यावर मी आधी माझ्या थोरल्या भावाचं नाव टाकलं. ते जाऊन बारा वर्षं झाली. खातं निघालं. घरात मी बँकेतला ऑफिसर आणि मलाच ठाऊक नव्हतं! रक्कम फार नव्हती, वहिनींनी त्यातून देवाला समई घेतली.

आणि मग एका रात्री मी ते दुसरं नाव टाकलं. चाळीस वर्षं लक्षात राहिलेलं. पण जन्मतारीख मला माहीत नाही, कोणतंही ओळखपत्र माझ्याकडे नाही. पडद्यावर रकाना रिकामा राहिला आणि मी पुढे जाऊ शकलो नाही. वाईट वाटलं, पण हे बरोबरच आहे, हेही कळलं. ते दार माझ्यासाठी नाही. ते त्या बाईंच्या मुलांसाठी आहे, नातवंडांसाठी आहे. ती कदाचित इथेच कुठे असतील, घणसोलीत, कामोठ्यात, कुणाच्या गेटवर वॉचमन असतील. असं एक दार आहे, हे त्यांना कुणी सांगितलं असेल का?

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. सरकारने फळा टांगला, तो अजून पुरता नीट नाही, त्यासाठी भांडत राहू. पण फळ्यावर काय लिहिलंय ते शेजाऱ्याला वाचून दाखवणं हे आपलं काम आहे.

आपल्या समितीला दोन विनंत्या. सोसायटीचं मासिक पाण्याचं, विजेचं आणि देखभालीचं बिल दर महिन्याच्या दहा तारखेला नोटीस बोर्डावर लागू दे, कुणी मागायची वाट न बघता. मी खजिनदार असताना एका सभासदाने टँकरची बिलं मागितली, तेव्हा "माझ्यावर संशय घेता काय?" म्हणून मी तावातावाने बोललो होतो. ते गृहस्थ आज दुसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांची मी सगळ्यांसमोर माफी मागतो. त्यांना बिल हवं होतं, मी त्यांना राग दिला.

दुसरी विनंती सोसायटी ऑफिसच्या किल्लीची. पुढच्या महिन्यापासून दर दुसऱ्या रविवारी सकाळी दहा ते बारा मी तिथे बसेन. उद्गमवर शोध असो, गावाकडचा सातबारा असो, मुलाच्या फ्लॅटचं महारेराचं पान असो, मिळून बघू. सभासदांनी यावंच, पण आपल्याकडे काम करणाऱ्या ताई, वॉचमन, इस्त्रीवाले, गाडी धुणारे यांनाही सांगा. पैसे काही नाहीत, चहा मी देईन. मागच्या रांगेतल्या तरुणांपैकी दोघं जण जोडीला हवेत, कारण चष्मा लावूनही मला तो कॅप्चा नीट वाचता येत नाही.

आणि येणारा माणूस अपुऱ्या कागदांनिशी आला, तर कुठून काय आणायचं ते मी त्याला कागदावर लिहून देईन. खाली माझा फोन नंबरही लिहीन.